तेल लावलेली वादी

मित्रांनो, माझ्या कडेवरून बोट फिरवून बघा. घाबरू नका. विळ्याला धार असते, करवतीला दात असतात, मला दोन्ही नाहीत. मी दगड कापायची जुनी चकती आहे. जेवणाच्या ताटाएवढी, गंजलेली, एका बाजूला कुऱ्हाडीचा घाव बसून वाकलेली. ज्या दगडावर घण घातला तर ठिणगी उडते, असे दगड मी एके काळी कापले आहेत. ते कसे कापले आणि नंतर माझ्यासमोर काय घडलं, ते सांगते. ते सगळं ऐकायला गोड नाही, पण त्यातलं काही गाळून मला सांगता येणार नाही.

तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. बोरीपासून दोन कोसांवर, करपरा नदीच्या काठी एक लहान गाव आहे. तिथं दत्तराव नावाचे शेतकरी राहत. १९३५ च्या सुमाराला त्यांनी मळ्यात विहीर खणायला घेतली. वीस हातांवर काळा खडक लागला, म्हणून सुरुंग लावावे लागले. तिसरा सुरुंग उडाला तेव्हा एक कपची सुसाट आली आणि दत्तरावांच्या कपाळात घुसली. रक्त डोळ्यांत उतरत होतं, तरी कुणी खाली अडकलं आहे का हे बघायला ते धुरातच विहिरीत उतरले. माणूस कुणी नव्हतं. पण फुटलेल्या खडकात कोहळ्याएवढा एक गोळा उघडा पडला होता. बाहेरून राखाडी आणि ओबडधोबड. आतून कांद्यासारखे पदर होते. पांढरा, मग निळसर, मग गेरूसारखा तांबडा, आणि अगदी मधोमध खडीसाखरेसारखे चमकणारे कण. अर्धा गोळा सुरुंगानं उडवून नेला होता. उरलेला अर्धा मांडीवर घेऊन दत्तराव तिथंच बसून राहिले. कपाळाला फडकं बांधायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून त्यांना दगडांचा नाद लागला. नदीच्या पात्रातून, नांगरटीतून ते गारगोट्या उचलून आणत आणि अंगणात घणानं फोडत. दहांतल्या नऊ दगडांचा चुरा होई. कपच्या उडत. एकदा एका कपचीनं शेळीचा डोळा गेला.

"दगडांनी काय वाकडं केलंय तुमचं?" त्यांची बायको कासाबाई विचारी.

"आत काय हाय ते बघायलोय."

"आणि बघायच्या आधीच त्याचा भुगा करायलात."

त्यांचा चुलतभाऊ सटवाजी शेजारच्याच घरात राहत असे. दोन्ही घरांत एक मातीची भिंत होती. तो भिंतीवरून डोकावून म्हणे, "दादा, यंदा कापूस सोडून दगडच पेरलेत का काय?"

माझा जन्म झाला तो मदारसाब शिकलगारांमुळे. मदारसाब गावचे धार लावणारे. विळे, कोयते, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे, सगळं त्यांच्या साणेखालून जाई. तरुणपणी ते हैदराबादेत अंगठीचे खडे कापणाऱ्या एका उस्तादाकडे राहिले होते. एके दिवशी ते अंगणात आले, फुटलेला एक तुकडा थुंकी लावून उन्हात धरला आणि म्हणाले, "दत्तराव, हा अकीक हाय, अंगठीत बसवतात तो खडा. ह्याला मारायचं नसतं. ह्याला चाटत चाटत आत जायचं असतं."

"म्हंजे कसं?"

"चकती बनवू. शौक हाय तर शौकासारखा करा की. कसायासारखं काय करायलाव?"

अशी मी घडले. कापसाच्या जिनिंगातल्या एका मोडक्या पिंपाचा तळ मदारसाबांनी छिन्नीनं गोल कापला. मला भट्टीत लाल केलं, ठोकून सपाट केलं, पुन्हा लाल केलं, पुन्हा ठोकलं. ते ठोकणं मी कधी विसरले नाही. मग माझ्या पोटात भोक पाडून त्यातून बैलगाडीच्या जुन्या आसाचा तुकडा घातला. बाभळीच्या दोन खुंटांमध्ये मला उभी केली. खाली कासाबाईंची जुनी, चिरलेली काठवट ठेवली. तिच्यात पाणी आणि हैदराबादेहून मागवलेली कुरुंदाच्या, म्हणजे अतिकठीण दगडाच्या, चुऱ्याची भुकटी कालवून राखाडी गाळ केला. तो गाळ हीच माझी धार. मी फिरले की गाळ माझ्या कडेला चिकटून वर येई आणि कुरुंदाचा एकेक कण दगडाला ओरबाडून जाई.

मला फिरवायला कातड्याची एक लांब वादी होती. आसाभोवती तिचे दोन वेढे, आणि दोन टोकं दोन हातांत. ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी ती एकदा इकडे, एकदा तिकडे ओढायची. म्हणून माझ्याशी दोन माणसं लागत. एक वादी ओढायला, एक दगड धरायला. ताक घुसळण्यात कासाबाईंचा हात बसलेला होता, तेव्हा ओढायचं काम त्यांच्याकडे आलं.

"घरात सवत आणली," त्या शेजारणींना सांगत, "आणि वर तिची चाकरी मलाच."

पहिला दगड मी पाच दिवस कापत होते. मुठीएवढा होता. माझा आवाज इतका कर्कश होता, की वाटेनं जाणारे बैल बिचकत. नदीपलीकडच्या वस्तीवरही तो ऐकू जाई. तिसऱ्या दिवशी कासाबाईंच्या हातून तेलाची बुधली वादीवर सांडली. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या ओढत राहिल्या, पण दगडात केसाएवढीही रेघ पुढं सरकली नाही. मदारसाब आले, वादीला बोट लावलं आणि हसले.

"वहिनी, तेल आसाच्या टोकांना द्यायचं. वादीला न्हाई. वादीला तेल लागलं की ती नुसती सरकते. दगड टेकला की चकती थांबते. तुमी उगा घाम गाळायलात."

त्यांनी राखेनं वादी पुसून कोरडी केली. पाचव्या दिवशी दगड दुभागला. दत्तरावांनी दोन्ही अर्धुकं धुऊन जमिनीवर ठेवली. पांढऱ्या पदरांच्या आत हिरवट धागे होते, पाण्यात शेवाळ पसरावं तसे. लाखो वर्षं बंद असलेली ती गोष्ट पहिल्यांदा बघणारी माणसं तीन होती, एक शेतकरी, त्याची बायको आणि एक शिकलगार. त्यांच्या हातांना तेव्हा माझ्याच गाळाचा वास येत होता.

पुढची दहा वर्षं माझी भराची होती. ताडकळसच्या बाजाराहून परतणारे लोक वाट वाकडी करून मला बघायला येत. कोनाड्यात कापलेल्या चकत्यांच्या ओळी लागल्या. दत्तरावांनी त्यांतली एकही विकली नाही. मुलीच्या लग्नात, म्हणजे अंबाच्या, त्यांनी तिला एक पातळ लाल चकती दिली. सासरच्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हिचं काय करायचं. "उजेडात धरून बघायचं," दत्तराव म्हणाले.

मग कासाबाई तापानं गेल्या. वर्षभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. काठवटीतला गाळ वाळून दगडासारखा झाला, आसावर गंज चढला, वादी उंदरांनी कुरतडली. एके सकाळी मदारसाब नवी वादी घेऊन आले. "दत्तराव, तुमी दगड धरा. मी ओढतो," एवढंच म्हणाले. त्यांचं स्वतःचं मागं-पुढं कुणी नव्हतं. त्यानंतर ते रोज दुपारी येऊ लागले.

मित्रांनो, आता मी त्या वर्षाकडे येते.

१९४८ साल उजाडलं तेव्हा निजामाची बाजू घेणाऱ्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव हिंडत होत्या. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हद्दीपलीकडच्या लोकांना कुणी मदत करतं का, कुणी हत्यारं लपवली आहेत का, याचा शोध हे त्यांचं निमित्त. नदीपलीकडची वस्ती त्यांनी जाळली. तीन दिवस धूर आमच्या अंगणात येत होता आणि त्याला धान्य जळाल्याचा वास होता. एका गुराख्याला त्यांनी झाडाला बांधून मारलं. तो जगला, पण पुढं त्याला धड चालता आलं नाही.

फाल्गुनात एका दुपारी ते आमच्या गावात आले. तीस-चाळीस जण, तलवारी आणि काही बंदुका. चावडीवर त्यांनी गाव गोळा केलं. सटवाजीचा धाकटा भाऊ उमाजी बैलजोडी द्यायला नाही म्हणाला. त्याला त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, दोन वारांत मारलं. सटवाजी मध्ये पडला तर बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे पुढचे दात पाडले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की दत्तरावांच्या घरातून रोज दुपारी हत्यारं घासल्याचा आवाज येतो. सांगणारा कोण, ते कधी कळलं नाही. आवाज खरा होता. तो माझा होता.

टोळी अंगणात शिरली. मागून गावालाही हाकत आणलं. टोळीच्या म्होरक्यानं मला बघितलं, काठवटीत बोट घातलं, गाळ हुंगला.

"ये क्या है? बारूद?"

"दगड कापायची चकती हाय, साब," दत्तराव म्हणाले. "शौक हाय माझा."

"शौक?" तो आपल्या माणसांकडे वळला. "सुना? इतना बड़ा किसान, बैठके पत्थर काटता है. शौक से."

सगळे हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुर्दैव हेच, की त्या दिवशी खरं ते कुणाला खरं वाटण्यासारखं नव्हतं. म्होरक्या बराच वेळ कोनाड्यातल्या चकत्यांकडे बघत राहिला. मग त्यानं काठीच्या एका फटक्यात सगळी ओळ खाली पाडली.

"तलवारें कहाँ छुपाई हैं, बोल. नहीं तो हाथ इसी पे काट देंगे."

दत्तरावांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दोघांनी त्यांचा उजवा हात धरून माझ्या कडेवर दाबला. पण मला फिरवायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, ही बनवली कुणी. गर्दीतून मदारसाबांना पुढं ढकललं गेलं.

"तू तो अपना आदमी है," म्होरक्या म्हणाला. "खींच."

मदारसाबांनी वादीची टोकं हातात घेतली. ते एकदम थांबले.

"साब, वादी सुकलेली है. तेल लगाना पड़ता. बगैर तेल के चलती नई."

"लगा, जल्दी."

त्यांनी बुधली उचलली आणि सगळ्या गावासमोर वादी टोकापासून टोकापर्यंत तेलात माखली. चांगली चोळून चोळून माखली. एका बाईनं तोंडावर पदर घेतला. मग ते बसले आणि ओढू लागले, सगळं अंग मागं टाकून, दात आवळून. वादी आसावरून सरसर सरकत होती. मी जागच्या जागी डुलत होते. दत्तरावांच्या तळहाताला माझी कड खरवडत होती, कुरुंदानं कातडं सोललं जात होतं, रक्त गाळात मिसळून लालकाळा चिखल उडत होता. पण मी आत जात नव्हते. दत्तरावांना ते दुसऱ्याच हिसक्याला समजलं. त्यांनी एकदा मदारसाबांकडे बघितलं आणि मग जीव जाईल असे ओरडले. ओरडता ओरडता ते आडवे पडले आणि हात पोटाखाली घेतला.

"इसके पास कुछ नहीं," म्होरक्या शेवटी म्हणाला. जाताना त्यांनी कडब्याची गंजी पेटवली. मदारसाबांनाही बरोबर नेलं, आपल्या तलवारींना धार लावायला. दोन दिवसांनी सोडलं.

अंबा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिनं हात धुतला. तळहातावर एक सोलवटलेला पट्टा आणि करंगळीचं नख अर्धं गेलेलं. दुसरं काही नाही.

"बांध," दत्तराव म्हणाले. "कोपरापर्यंत बांध."

"आबा, एवढं कशाला? आठ दिवसांत भरून येईल."

"ते लोक दर बाजाराला ह्या वाटेनं जातात. माझा हात धड दिसला तर मदारसाबला उभा चिरतील."

तिनं जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि हात कोपरापर्यंत बांधला. मग रोज बांधू लागली. जखम पंधरा दिवसांत बरी झाली, तरी सासरी न जाता ती सहा महिने बांधत राहिली. वर हळद आणि काजळीचे डाग पाडायची. तिचं काम इतकं नेटकं होतं, की वैद्यानं लांबूनच मान हलवली आणि हात कामातून गेला म्हणाला.

गावानं मदारसाबांकडे विळे देणं बंद केलं. विहिरीवर त्यांना बघून बाया घागरी उचलून जात. "वादीला तेल लावून ओढलं रे त्यानं," लोक एकमेकांना सांगत. "चांगलं कापावं म्हणून तेल लावलं."

वैशाखात एकदा ते न राहवून आले. मी होते त्या सायवानात, अंगणाकडेच्या पडवीत, दत्तराव एकटेच बसले होते. मदारसाबांना दारात बघून दत्तराव ताडकन उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "कशाला आलास इथं, हरामखोरा?" मग आवाज खाली आणून, "कसे हाव?"

"बरा हाय. हात?"

"हात बरा हाय. तुमी हैदराबादेला निघून जा, मदारसाब." आणि पुन्हा मोठ्यानं, "माझ्या हाताचं वाटोळं केलंस."

"तिथं माझं कोण हाय? आणखी मोठ्यानं बोला, दत्तराव. भिंतीपल्याड सटवाजी हाय."

"तोंड बघणार न्हाई तुझं," दत्तराव ओरडले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी कोनाड्यातून फुटताना वाचलेली एक लहानशी चकती काढून मदारसाबांच्या मुठीत दिली आणि त्यांना दोन्ही हातांनी दाराबाहेर ढकललं. मदारसाब मुद्दाम उंबऱ्यावर पडले. पलीकडून भिंतीवर सटवाजीचं डोकं दिसत होतं. दात नसल्यामुळे त्याचं तोंड आत गेलेलं होतं आणि त्याचं वय एकदम वाढल्यासारखं वाटत होतं.

"दादा, दम धरा," तो म्हणाला. "दिवस आपलाबी येईल. उमाजीचं आणि तुमच्या हाताचं, दोन्ही मी बघतो."

त्या दिवशी अंबा बापाला म्हणाली, "आबा, सटवाजीकाकाला तरी खरं सांगा."

"त्याच्या पोटात राहायचं न्हाई. रागारागात कुठं बोलून बसला, तर ते लोक मदारसाबला ठिवणार न्हाईत."

"आणि न्हाई सांगितलं तर हे ठिवतील?"

"हद्दीपल्याडची फौज येऊ दे," दत्तराव म्हणाले. "फौज आली की पहिलं काम तेच. चावडीत उभा राहून हात सोडून दावतो सगळ्यांना."

भाद्रपदात फौज आली. रेडिओवर बातमी ऐकून कुणीतरी बोरीहून धावत आलं. टोळीवाले आदल्या दिवशीच पळाले होते. ज्यांच्यावर सूड घ्यायचा ते सापडले नाहीत. मग टोळीच्या धर्माचे म्हणून गावात जे सापडत होते त्यांच्याकडे गर्दी वळली.

सकाळची वेळ होती. दत्तराव चावडीवर जायला निघतच होते. इतक्यात मदारसाब मागच्या दारानं सायवानात आले आणि माझ्या मागं बसले. धावून त्यांचा श्वास मावत नव्हता. अंबानं दार लावून घेतलं. पुढच्या दारावर कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन तीस-चाळीस माणसं आली. पुढं सटवाजी. ही सगळी माणसं मला ओळखीची होती. यांतल्या अनेकांनी माझ्यापाशी बसून, कापलेले दगड हातात घेऊन उन्हात धरले होते.

दत्तराव दारात आडवे उभे राहिले आणि पट्ट्या सोडू लागले. अंबाच्या गाठी पक्क्या होत्या. त्यांनी दातांनी सोडल्या. धोतराच्या पट्ट्यांचा ढीग पायाशी पडला आणि त्यांनी हात वर केला.

"बघा. हात धड हाय. पाचही बोटं हायत. त्यानं मला काई केलं न्हाई."

गर्दी थांबली. सटवाजीनं तो हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं दाबून बघितली.

"देवानं भरून आणला, दादा," तो म्हणाला. "लय बरं झालं."

"भरून न्हाई आणला. कापलाच नव्हता. अरे, वादीला तेल लावलं हुतं त्यानं."

"हाय की," सटवाजी म्हणाला. "आमी सगळ्यांनी बघितलं. तेल लावताना सगळ्यांनी बघितलं."

"तेल लावलं की वादी सरकते, सटवाजी. चकती फिरत न्हाई."

"मग वरडत कशाला हुता?" मागून कुणीतरी म्हणालं. "आणि सहा महिने हात बांधून? आणि शिव्या देत हुता ते?"

दत्तराव एकेक गोष्ट सांगू लागले. बाजाराची वाट, टोळी, नाटक. पण जे एका दमात सांगून पटलं असतं, ते आता सहा महिन्यांचं झालं होतं. ते ऐकत उभं राहायला कुणाला सवड नव्हती.

"दादांचं मन मोठं हाय," सटवाजी सगळ्यांना म्हणाला. "त्यांना जरा बाजूला धरा. लागू देऊ नका."

चौघांनी दत्तरावांना प्रेमानं धरलं. दार दोन लाथांत मोडलं. अंबा तान्ह्या लेकराला छातीशी घेऊन मध्ये उभी राहिली, तेव्हा मदारसाब स्वतःच माझ्यामागून उठले. "बेटी, सरक," ते म्हणाले. "लेकराला लागल."

पहिला घाव मदारसाबांनी चुकवला. तो माझ्यावर बसला, मी वाकले आणि माझे खुंट मोडले. नंतरचे घाव माझ्यावर बसले नाहीत. मी दगड कापलेले आहेत, मित्रांनो, माझ्या खालून किती गाळ वाहून गेला असेल. काठवटीत त्या दिवशी जे साठलं, ते मी तुम्हांला सांगत नाही. दत्तराव ओरडत होते. सहा महिन्यांपूर्वी याच जागी ते ओरडले होते, त्या ओरडण्याचं सोंग टोळीला फसवून गेलं. आताचं खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

गर्दी गेल्यावर दत्तरावांनी त्यांना मळ्यात, विहिरीजवळ पुरलं. खड्डा स्वतः खणला. नमाज पढायला गावात कुणी उरलेलं नव्हतं. दत्तराव आणि अंबा नुसते उभे राहिले.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली. गावातले लोक दत्तरावांशी मायेनं वागत, आणि ते कुणाशी बोलत नसत. कार्तिकात त्यांनी मोडलेले खुंट बदलले, ठोकून मला होईल तेवढी सरळ केली, नवी वादी आणली, आणि मला उचलून चावडीसमोर मांडलं. बुधलीभर तेल जवळ ठेवलं. जो वाटेनं जाई त्याला ते म्हणत, "या. इथं हात ठेवा. मी तेल लावून ओढतो." बाकी काही बोलत नसत. लोक वाट बदलून जाऊ लागले. दादांचं डोकं फिरलं, असं म्हणू लागले. दहा दिवस कुणी बसलं नाही.

अकराव्या दिवशी सटवाजी आला. समोर उकिडवा बसला. त्यानं इकडे-तिकडे बघितलं नाही. उजवा तळहात माझ्या कडेवर ठेवून वरून डाव्या हातानं दाबला.

"ओढा, दादा."

दत्तरावांनी वादीला तेल चोळलं आणि ओढली. ती सरकली. मी डुलले.

"जोरात ओढा."

दत्तरावांनी सगळं अंग मागं टाकलं. वादी सरसर सरकत होती. त्याच्या तळहातावर गाळ चढत होता. चावडीच्या ओट्यावर चार-सहा माणसं येऊन उभी राहिली होती.

सटवाजीनं हात काढला, धोतराला पुसला आणि बघितला. कातडं सोललं होतं. रक्ताचे दोन थेंब आले होते. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुन्हा माझ्यावर ठेवला, पहिल्याहून घट्ट.

"दादा, आता वादी पुसा," तो म्हणाला. "राखेनं कोरडी पुसा, आणि ओढा."

दत्तरावांनी वादी आसावरून सोडवली, गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. सटवाजी हात ठेवून तसाच बसून होता. ऊन डोक्यावर येऊन कललं, तरी दोघांतलं कुणी उठलं नाही. शेवटी अंबा आली. तिनं बापाला एका हाताला धरून उठवलं, काकाला दुसऱ्या.

मित्रांनो, दत्तरावांना जाऊन आता थोडे दिवस झाले आहेत. मी अंबाबाईंच्या घरी आहे. जुन्या वस्तूंची निगा राखा, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो, तेही सांगते. मला कोरडं ठेवा, आसाच्या टोकांना वर्षातून एकदा तेल द्या. पण तेवढ्यानं माझं समाधान होणार नाही. मी कशी चालते ते मला ओळखणाऱ्या माणसाला, तो आहे तोवर, विचारून घ्या. आणि तुम्हांला ते ठाऊक असेल, तर दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. एकालाच का होईना, पण त्याच दिवशी सांगा. कधी गर्दी जमलेली दिसली आणि मधोमध एक माणूस ओढताना, दुसरा ओरडताना दिसला, तर लांबून ठरवू नका. भीती वाटली तरी पुढं व्हा आणि वादीला बोट लावून बघा.